शेरातले पाच तोळे

१

अंबाजी घरतचं दुकान बंद पडलं असतं तर रामचंद्र मॅनेजरला काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकू. चोंढीच्या बाजारातली कोपऱ्यावरची जागा, जिला दोन रस्त्यांवर दोन दारं. मागची विहीर, उन्हाळ्यातही न आटणारी. आसपासच्या सहा गावांची साखर, गूळ, चहा, रॉकेल. आणि पगारात पाच रुपये, कारण मुंबईच्या मालकांनी तसं लिहून कळवलंच होतं. एका माणसाच्या बदनामीवर एवढं मिळत असेल, तर संशय घ्यायला बाजार काय मागं राहतो?

मार्गशीर्षात मुंबईच्या कंपनीनं इथं स्टोअर काढलं. निळ्या रंगाच्या फळ्या, काचेच्या बरण्या, भाव लिहिलेला तक्ता. घासाघीस नाही, उधारी नाही. दारातच पितळी पारड्यांचा तराजू टांगलेला आणि वर पाटी: ‘कोणत्याही दुकानाचा माल येथे फुकट तोलून पाहा.’

दोन महिने त्या तराजूवर कुणी दुसऱ्या दुकानाचा माल टाकला नाही. एकाच्या दुकानातला माल दुसऱ्याच्या दारात तोलायचा म्हणजे पहिल्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. पण माघातल्या एका मंगळवारी किहीमची मासळीवाली ठमी आली, डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि अंबाजीकडची शेरभर साखर पारड्यात टाकली.

ऐंशी तोळ्यांचा शेर पंचाहत्तर भरला. रामचंद्रानं तीनदा तोलला. माणूस प्रामाणिक होता, आणि शिवाय त्याला तोलताना मजाही येत होती.

कोंडाजी पाटील तडक अंबाजीच्या दुकानात गेले, शेराचं लोखंडी वजन उचलून आणलं आणि स्टोअरच्या वजनासमोर ठेवलं. पारडं वर गेलं ते खाली येईना. वजनच पाच तोळे हलकं होतं. बाकीची पितळी वजनंही मागवून पाहिली, ती बरोबर निघाली.

पाटलांनी ते फडक्यात बांधलं. "अंबाजी, सोमवारी अलिबागवरनं मापं तपासणारा साहेब येतोय. नवा कायदा हाय. रविवारी माझ्या ओट्यावर बसू. तोवर हे कुनी केलं ते सांग. न्हायतर हे फडकं मी साहेबाच्या हातात देईन. मग खटला."

खटला झाला की दुकान उघडं ठेवूनही कोण येणार होतं?

अंबाजी एवढंच म्हणाला, "माझ्या आज्याचं वजन हाय पाटील. ते हलकं व्हायचं न्हाय."

वजनानं मात्र त्याचं ऐकलं नव्हतं.

२

बुधवारी दुपारी दुकानात दोनच जीव होते, अंबाजी आणि गुळावरची माशी. अशा वेळी सखुबाई पायरी चढून आली. मोटारस्टँडवर तिचं चहाचं हॉटेल. नवरा गेल्यापासून पंधरा वर्षं ड्रायव्हर, क्लीनर आणि कोर्टाला निघालेले पक्षकार यांना चहा पाजून ती माणसं ओळखायला शिकली होती. चहापेक्षा साखर महाग पडते हेही तिला तिथंच कळलं होतं.

"काय अंबाजीभाऊ, माझी साखर किती खाल्लीस?"

"तूही तेच म्हन, सखुबाय."

"मी म्हनत न्हाय. माझे कप म्हनतात." ती पोत्यावर बसली. "रोज एक शेर साखर नेते मी. कपाला एक तोळा. माझा चमचा मापाचा हाय, हात नव्हे. ऐंशी तोळ्यांचे कप किती व्हायला पाहिजेत?"

"ऐंशी."

"माझे पंच्याऐंशी व्हायचे. इतकी वर्षं."

अंबाजी पहिल्यांदा हसला. "व्हनारच. वरची मूठ कुठं जाईल?"

ही मूठ बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. अंबाजीच्या आज्यापासून त्या दुकानात एक रीत होती. वजन झालं, काटा सरळ झाला, की पुडी बांधायच्या आधी वर एक मूठ टाकायची. तिचे पैसे नाहीत. मागायची नाही, दिली म्हणून सांगायचं नाही. गिऱ्हाइकाला ती दिसायची आणि न दिसल्यासारखं करायचं असायचं. अंबाजीच्या मुठीत पाच तोळे मावत.

"मग दसऱ्यापासनं ऐंशीच कप निघायला लागले," सखुबाई म्हणाली. "मला वाटलं, चमचा वाकला. नवा आनला. तर पौषात पंचाहत्तरवर आले. मग माझ्या हातावरच संशय घेतला मी. काल ठमीच्या साखरेचं ऐकलं आन उठून बसले."

"म्हंजे?"

"तुझं वजन एकदाच हलकं झालंय, पाच तोळ्यांनी. माझी साखर मात्र दोनदा घटलीय, पाचपाच तोळ्यांनी. एकदा दसऱ्याला, एकदा पौषात." तिनं दोन बोटं वर केली. "एका चोरीत दोनदा घट होत न्हाय, भाऊ. हे दोघांचं काम हाय."

३

पाटलांनी फडकं सोडलं, पण कुरकुरत. "बाई, तू काय आता फौजदारीन झालीस?"

"फौजदाराला पगार मिळतो. मला माझी साखर मिळाली तरी पुरे."

वजन तिनं पालथं केलं. अशा लोखंडी वजनाच्या बुडात एक भोक असतं. त्यात शिसं ओतून कारागीर ते शेराला बरोबर करतो. त्या भोकात आता काही नव्हतं. सखुबाईनं करंगळी आत फिरवली.

"पाटील, तुम्ही चोर असता तर ह्यातलं शिसं कशानं काढलं असतंत?"

"छिन्नीनं. न्हायतर खिळ्यानं उकरून."

"मग लोखंडावर ओरखडा कुठं हाय?"

पाटलांनी उजेडात धरून पाहिलं. एकही ओरखडा नव्हता. सखुबाईनं करंगळी दाखवली. ती काळी झाली होती.

"ही काजळी. शिसं कुनी काढलं न्हाय, ते वितळून गेलं. वजन जाळात पडलं होतं."

"वजन जाळात कोन टाकील? येडं हाय का कोन?"

"येडं नसंल. नवं असंल," ती म्हणाली, आणि तिनं वजन परत फडक्यात बांधलं.

तिथून ती ठमीकडे गेली. ठमी सुकट निवडत होती.

"ठमे, त्या दिशी अंबाजीकडनं काय काय घेतलंस गं?"

"शेरभर साखर, अर्धा शेर डाळ, पावशेर मिरची."

"मग तोललीस फक्त साखर?"

ठमीचा हात थांबला. "पाटी लावलेली हाय ना तिथं. कुनीबी तोलावं."

"कुनीबी तोलावं, पन सगळं तोलावं. तुला चोरी हाय का बघायची होती, तर मिरची आधी तोलायची, महाग ती. तू तीन पुड्यांतनं नेमकी तीच काढलीस जी त्या लोखंडी शेरानं तोललेली. बाकीची वजनं पितळी हायत आन बरोबर हायत. हे तुला कुनी सांगितलं?"

ठमीनं सुकटीचं डोकं मोडलं, शेपूट मोडलं. "मला कुनाचा संसार मोडायचा न्हाय, सखुबाय."

"अंबाजीचा मोडतोय त्याचं काय?"

ठमीनं सुकटीची पाटी बाजूला सारली. मग ठमी म्हणाली, "ज्यानं पुडी बांधली, त्यानंच सांगितलं."

४

पुडी बांधणारा धर्मा. अंबाजीचा पुतण्या, तिशीतला, हाताला चपळ. अंबाजीचा मुलगा बुधाजी मुंबईला गोदीत कामाला. त्यामुळं दुकानात काका-पुतणेच. पौषातल्या थंडीनं अंबाजीचा खांदा धरला, तेव्हापासून तराजूवर धर्मा आणि गल्ल्यावर काका.

सखुबाई मात्र धर्माकडे गेली नाही. जो खोटं बोलणार हे ठाऊक आहे, त्याला आधी विचारून खोटं तयार करायला वेळ कशाला द्यायचा? ती स्टोअरची पायरी न चढता दारात उभी राहिली.

"मॅनेजरसाहेब, तुमच्या तराजूवर ठमीच्या आधी कुनी काय तोललं होतं का?"

"आत या ना बाई. नवा चहा आलाय, पाकिटातला."

"मी चहा विकते, साहेब. पीत न्हाय."

रामचंद्र गिरगावचा. कोट, टोपी, आणि प्रश्न विचारला की खरं उत्तर देण्याची वाईट सवय. "तोललं होतं की. पौष पौर्णिमेला अंबाजीशेटचा पुतण्या त्यांची सगळी वजनं पिशवीतून घेऊन आला. साहेब येणार आहे, म्हणाला, एकदा पाहून घ्या. मी पाहिली. पितळी सगळी ठीक. लोखंडी शेर पाच तोळे कमी. मी सांगितलं, ‘अलिबागला नेऊन शिसं भरून घे, दोन आण्यांचं काम आहे.’"

"मग?"

"तो ‘बरं’ म्हणाला."

"आन तुम्ही त्याला काय म्हनालात? दुसरं?"

रामचंद्रानं कोटाचं बटण लावलं, जे लावलेलंच होतं. "तो नोकरी मागत होता. मी म्हटलं, सध्या जागा नाही. कोपऱ्यावरची जागा कंपनीला मिळाली, तर काउंटरवर आणखी एक माणूस लागेल. अठरा रुपये. यात मी गैर काही बोललो का?"

"न्हाय हो," सखुबाई म्हणाली. "तुम्ही गैर काहीच बोलत न्हाय. तोच तर तरास हाय."

सुरुवातीला मांडलेला हिशेब इथं खोडून दुसऱ्या नावावर घालावा लागतो. मॅनेजरला मिळणार होते पाच रुपये. धर्माला अठरा. काकाच्या दुकानात त्याला जेवण मिळे, आणि दिवाळीला धोतर.

पण दसऱ्याला शिसं गेलं, तेव्हा स्टोअर उघडलंच नव्हतं. तेव्हा धर्माला त्यातून काय मिळणार होतं? काहीच नाही. म्हणजे पहिला हात त्याचा नव्हता.

५

शनिवारी सकाळी सखुबाई अंबाजीच्या मागच्या दारानं घरात गेली. बुधाजीची बायको सगुणा तांदूळ पाखडत होती. वैशाखात लग्न झालेली, माहेर धरमतरच्या खाडीकडचं, मिठागरवाल्यांचं.

"बस गे सगुणे, ऊठ नको. तुझ्या म्हायेरी मीठ कशानं तोलतात?"

"तोलत न्हायत, आत्या. मापानं भरतात. लाकडी माप असतं."

"म्हंजे वजनं तू इथंच पयल्यांदा बघितलीस."

"व्हय."

"खंडेनवमीला पूजेसाठी घासलीस ती तूच ना?"

"मामंजी म्हनाले, लख्ख कर. पितळेची चिंचेनं झाली. लोखंडाच्या शेरावर गुळाचं आन तेलाचं किटन बसलं होतं, बोटभर. चिंचेनं जाईना, राखेनं जाईना." सगुणाचा चेहरा खुलला, काम फत्ते झाल्याचं सांगताना खुलतो तसा. "मग तव्याचं किटन काढतो तसं केलं. चुलीत निखाऱ्यावर ठेवला घटकाभर. सगळं जळून गेलं. नव्यासारखा निघाला!"

सखुबाईनं डोळे मिटले. तवा असाच साफ करतात, कढई अशीच साफ करतात. सासरच्या वजनाच्या पोटात दुसरा धातू असतो, हे मिठागरावरच्या पोरीला कुणी सांगितलं होतं?

"मग राखेत काय सापडलं का तुला?"

सगुणा दबक्या आवाजात म्हणाली, "तुमाला कसं ठाऊक? मी कुनाला बोलले न्हाय. दुसऱ्या दिशी चूल काढताना राखेत एक चांदीची टिकली. पुरीएवढी. पूजेच्या दिशी लक्ष्मी आली, आत्या! बोललं तर जाते म्हनतात."

"कुठं हाय?"

देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी ती होती. हळदीकुंकवानं मढलेली, वर ताजं जास्वंद. सखुबाईनं हात जोडले, मग उचलून पाहिली. आकाराच्या मानानं भलतीच जड.

"मामंजी रोज नमस्कार करतात तिला," सगुणा म्हणाली. "त्यांना वाटतं, माझ्या म्हायेरचा देवाचा टाक हाय."

चार महिने अंबाजी आपल्याच वजनाला रोज हात जोडत होता.

सखुबाईनं तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. सगुणा आधी रडली नाही. तिनं विचारलं, "मामंजी जेलात जातील?" मग रडली.

६

रविवारी पाटलांच्या ओट्यावर बाजार जमला. स्टोअरचा तराजू आणवला होता, अंबाजीचा तराजू आणि साखरेचं पोतंही. अंबाजी एका बाजूला उपरणं आवळून बसला होता. धर्मा खांबाला टेकून उभा.

"अंबाजीभाऊ," सखुबाई म्हणाली, "हलक्या शेरानं मला साखर दे. तुझ्या हातानं, रोजच्यासारखी."

खांदा दुखत असताना त्यानं आपला तराजू उचलला. वजन टाकलं, साखर टाकली, काटा सरळ केला. मग त्याचा हात पोत्याकडे गेला आणि वर मूठ पडली. त्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

"आता हीच पुडी मॅनेजरसाहेबांच्या तराजूवर."

रामचंद्रानं तोललं. पारडी समोरासमोर येऊन थांबली. "ऐंशी," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "बरोबर ऐंशी तोळे."

ओट्यावर कुजबूज झाली. कोंडाजी पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

"ऐकलंत?" सखुबाई म्हणाली. "वजन दसऱ्यापासनं हलकं हाय. पन अंबाजी तराजूवर होता तोवर तुमाला कुनाला एक दाना कमी मिळाला न्हाय. तो देत होता आपली मूठ, आन भरत होती वजनातली खोट. त्यालाही ठाऊक नव्हतं, तुमालाही नव्हतं. धर्मा, आता तू दे."

धर्मा जागचा हलला नाही. "मी मूठ देत न्हाय. स्टोअरच्या भावानं विकायचं आन वर मूठ? काका, तोटा कोन सोसनार? कुनीतरी शहानपन करायला नको?"

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं; दोघातिघांनी मानही डोलावली.

"मूठ थांबवलीस, ते शहानपन धरू," सखुबाई म्हणाली. "पन कधीपासनं थांबवलीस? वजन हलकं हाय हे कळल्यावर. माझे कप पौर्णिमेनंतरच घटले. काकाला सांगितलं न्हायस, दोन आन्याचं शिसं भरलं न्हायस. मूठ काढलीस ती खोट उघडी पडावी म्हनून, आन ठमीला सांगितलंस कुठली पुडी तोलायची ते. साहेब, पौष पौर्णिमेला काय झालं ते सांगा."

रामचंद्रानं सांगितलं, तारखेसकट. नोकरीचंही सांगितलं. सांगताना पुतण्याकडे बघितलं नाही.

अंबाजीनं मात्र बघितलं. "धर्मा, जेवनात काय कमी पडलं होतं रे?"

"जेवनच मिळत होतं, काका," धर्मा म्हणाला. "तीस वर्षांचा झालो. लगीन कशावर करू? दुकान तर बुधाजीचं."

पाटील खाकरले. "ते घरचं घरात बघा. शिसं कुनी वितळवलं ते सांगा. साहेबाला कुनाचं तरी नाव द्यावं लागंल."

बायकांच्या घोळक्यात सगुणा उठली. तिच्या मुठीत हळदीनं पिवळी झालेली टिकली होती. तिनं तोंड उघडायच्या आत अंबाजी म्हणाला, "मी. किटन जाळायला मीच टाकलं निखाऱ्यात. म्हातारपन, पाटील. इसरलो आत शिसं असतं ते."

साठ वर्षं त्या वजनाशी खेळलेला माणूस ते विसरेल, यावर ओट्यावरच्या कुणाचाच विश्वास बसला नाही. सखुबाईनं पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी लिहून घेतलं.

७

आता कुणी किती भरले ते.

साहेबानं अंबाजीला दहा रुपये दंड केला. खटला केला नाही, कारण पाटलांनी ओट्यावरची हकीकत सांगितली, आणि रामचंद्रानं तिच्याखाली सही केली. बाजारात अंबाजीचं नाव पहिल्याहून मोठं झालं. लोक वाट वाकडी करून त्याला रामराम घालायला येत. रामराम घालून पलीकडे स्टोअरात जात आणि साखर घेऊन परत जात. होळीला स्टोअरनं शेरामागे एक पैसा कमी केला होता.

अंबाजीनंही भाव खाली आणायचा प्रयत्न केला. मग एक दिवस सखुबाईला म्हणाला, "आजपासनं मूठ बंद, सखुबाय. झेपत न्हाय." तरीही त्याची साखर स्टोअरपेक्षा पैशानं महागच राहिली. घाऊक माल त्याला पेणच्या व्यापाऱ्याकडून यायचा, स्टोअरला थेट बोटीनं.

आषाढाच्या आधी त्यानं दुकानाला कायमच्या फळ्या लावल्या आणि सगुणाला घेऊन बुधाजीकडे मुंबईला गेला. जागा कंपनीनं घेतली. रामचंद्राला पाच रुपये वाढ मिळाली आणि बदलीही, पनवेलला. ती त्याला नको होती. धर्माला काउंटर मिळालं, अठरा रुपयांवर. सांडलेली साखर त्याच्या पगारातून कापत. चोंढीत त्याला मुलगी द्यायला कुणी तयार झालं नाही. लग्न शेवटी लांबच्या गावी झालं. ठमीनं स्टोअरमधून जन्मात काही घेतलं नाही. ती आता साखर किहीमहून चालत अलिबागला जाऊन आणते, आणि कारण विचारलं की भांडते.

राहिली सखुबाई. मूठ बंद झाल्यावरही तिनं पंधरा दिवस अंबाजीकडूनच घेतली. सोळाव्या दिवशी ती पिशवी घेऊन स्टोअरची पायरी चढली. ती परत येत होती तेव्हा अंबाजी दुकानात पारडं पुसत होता. त्यानं तिला पाहिलं, पिशवी पाहिली आणि पुसत राहिला. ती हाक मारणार होती. पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती पुढं गेली.

शेरामागे एक पैसा. रोजचा एक शेर, महिन्याचे तीस पैसे, म्हणजे साडेसात आणे. तिच्या वाट्याचा अंबाजी तिनं तेवढ्याला विकला.